गाढवांसाठी दारोदार

बाईंना सगळे बाईच म्हणत. सोळा वर्षं त्यांनी सातवी-आठवीला गणित शिकवलं, त्यामुळे शाळेत तर त्या बाई होत्याच. पण पुढे पुढे भाजीवाला, वॉचमन, धाकटी जाऊ आणि भांडणाच्या वेळी खुद्द यजमानसुद्धा त्यांना बाईच म्हणू लागले. यजमानांच्या कंपनीनं त्यांची परदेशी बदली केली, तेव्हा बाईंनी शाळेचा राजीनामा दिला, घराला कुलूप लावलं आणि बारा वर्षांची लेक व दोन कुकर घेऊन त्या विमानात बसल्या. दोन कुकर अशासाठी, की एकाची शिट्टी बिघडली तर तिकडे कुणाच्या दारात जायचं?

तिकडे पोचल्यावर कळलं की बाईंना इतक्यात शिकवता येणार नाही. त्यांची प्रमाणपत्रं तपासायला गेली होती, आणि ती तपासणाऱ्या कचेरीला कसलीही घाई नव्हती. पहिला महिना बाईंनी घर लावण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात लावलेलं घर पुन्हा लावलं. तिसऱ्या महिन्यात त्या यजमानांच्या मोज्यांच्या घड्या फूटपट्टीनं मोजल्यासारख्या घालू लागल्या, तेव्हा यजमान घाबरले. बसथांब्यावर चिकटवलेल्या एका जाहिरातीचा फोटो काढून त्यांनी तो बाईंसमोर धरला. थंडीच्या तीन महिन्यांपुरती माणसं हवीत, अनुभवाची अट नाही, बोलायची आवड पाहिजे.

"बोलायची आवड," एवढंच यजमान म्हणाले आणि थांबले. कुठे थांबायचं हे त्यांना चौदा वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

काम असं होतं. शहराबाहेर म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या गाढवांचा एक आश्रम होता. थंडीत कुरणं झोपतात, चारा विकत आणावा लागतो, छपरं गळतात. म्हणून दरवर्षी या दिवसांत आश्रमाची संस्था माणसं नेमून त्यांना दारोदार पाठवी. रोख पैसे घ्यायचे नाहीत. दर महिन्याला थोडीशी रक्कम त्या माणसाच्या खात्यातून आपोआप संस्थेकडे जाईल, अशी नोंद त्याच्या संमतीनं करून घ्यायची. त्यासाठी हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, अंगात पोपटी रंगाचं जाकीट, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एका गाढवाचा मोठा फोटो. फोटोतल्या गाढवाचा एक डोळा पाण्यानं भरलेला होता. तो बघून दगडालाही पाझर फुटावा, अशी संस्थेची अपेक्षा होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सोळा वर्षं वर्गात ज्या शब्दाची त्यांनी सढळ हातानं उधळण केली होती, त्याच प्राण्यासाठी आता लोकांपुढे पदर पसरायचा होता. पण मोज्यांपेक्षा गाढवं बरी, असं म्हणून त्यांनी होकार दिला. गावाकडे फोनवर सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न यजमानांनी परस्पर सोडवला. "पशुकल्याण विभागात लागली आहे," ते म्हणाले. सासूबाईंनी ती बातमी सोसायटीत पेढ्यासारखी वाटली.

दोन दिवस प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाईला सगळे कॅप्टन म्हणत. ती पंचेचाळिशीची, आवाजानं खणखणीत, आणि आधी वीस वर्षं घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर विकलेली. तिनं सांगितलं, बेल वाजवली की दोन पावलं मागे सरायचं. हसायचं. बोलताना आपण मान हलवायची, म्हणजे समोरचाही हलवतो. पहिला प्रश्न असा विचारायचा की त्याचं उत्तर 'हो' असंच यायला हवं. आणि माणूस तीनदा 'नाही' म्हणेपर्यंत त्याचा नकार खरा धरायचा नाही. बाईंनी हे सगळं समास आखलेल्या वहीत उतरवून घेतलं आणि हात वर करून विचारलं, की एखादा पहिल्यांदाच मनापासून नाही म्हणाला तर? कॅप्टन म्हणाली, आपण काय म्हणतोय ते लोकांना कळत नसतं. आठवीच्या मुलांविषयी बाईंचं वर्षानुवर्षं हेच मत होतं, त्यामुळे त्यांनी तेही वहीत उतरवून घेतलं.

पहिले चार दिवस मात्र फार वाईट गेले. बाईंनी तिथली भाषा पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे ती शुद्ध होती. इतकी शुद्ध की तिथल्या माणसांनी तशी ती कधी ऐकलीच नव्हती. "सन्माननीय गृहस्थ, आपल्या अमूल्य वेळात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व," या अर्थाचं काहीतरी म्हणून त्या सुरुवात करत. एका माणसाला वाटलं की कोर्टाचं समन्स आलं. तो आत जाऊन चष्मा आणि चेहऱ्यावर पडेल भाव घेऊन आला. कुणी पडद्याआडून बघून दार उघडायचं टाळलं, तर बाई त्या पडद्याकडे मागच्या बाकावर बघावं तशा बघत उभ्या राहत, आणि थोड्या वेळानं दार उघडे. लोक त्यांच्यासमोर सरळ उभे राहत. एकानं तर खिशातला हात काढला. सगळं सांगून झालं की बाई सवयीनं विचारत, "समजलं का?" समोरचा हो म्हणे. "मग सांगा बघू, मी काय म्हणाले?"

इथं गाडी अडे. चार दिवसांत एकही नोंद झाली नाही. बाकीच्यांच्या रोज दोन-तीन होत. कॅप्टन बाईंकडे बघून सुस्कारा टाकू लागली. लेक शाळेतून येताना पोपटी जाकीट दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागली.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, एका गल्लीच्या टोकाला एक म्हातारा गॅरेजचं दार वर करून सायकलची साखळी बसवत होता. बाईंनी फोटो पुढे केला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, "पायाच्या दुखापतीनं पिचलेल्या या मुक्या जिवाला आज तुमची गरज आहे." म्हाताऱ्यानं वर बघितलं.

"कोणता पाय?"

वहीत ते लिहिलेलं नव्हतं. फोटो गळ्यापर्यंतचाच होता. बाई म्हणाल्या, "डावा. पुढचा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली, आपल्याला इतक्यात काही जमणार नाही असं सांगितलं, आणि तो पुन्हा साखळीकडे वळला. बाई फाटकाबाहेर आल्या. सोळा वर्षं त्यांनी मुलांना बजावलं होतं, की येत नसेल तर कोरं सोडा, पण ठोकून देऊ नका. ठोकून दिलेल्या उत्तराला त्या शून्य देत, आणि वर समासात लाल शेरा. आणि आज एका भल्या माणसानं साधा प्रश्न विचारला, तर त्यांनी बेधडक पाय ठोकून दिला होता.

संध्याकाळी वरणाला फोडणी दोनदा पडली. यजमान तसंच जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅप्टनला विचारलं, त्या गाढवाचा दुखरा पाय कोणता? कॅप्टन म्हणाली, "कुठला का असेना. पायाला कोण बघतं, डोळ्याला बघतात." तिनं गाढव प्रत्यक्ष बघितलं होतं का? नव्हतं. चार हंगाम झाले, एकदाही नाही. वीस वर्षं व्हॅक्यूम क्लीनर विकले, म्हणून काय कारखाना बघायला गेले होते का, असंही ती म्हणाली.

रविवारी बाई यजमानांना घेऊन आश्रम बघायला निघाल्या. दोन बस बदलाव्या लागल्या आणि पुढे घोट्याएवढ्या चिखलातून पाऊण तास चालावं लागलं. यजमानांनी ऑफिसचे बूट घातले होते. ते वाटेत काही बोलले नाहीत, पण त्यांचे बूट बोलत होते. फाटकाशी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक राखणदारीण भेटली. आजवर संस्थेच्या जाकिटातलं कुणी इथं आलं नव्हतं, त्यामुळे तिला आधी वाटलं की काहीतरी तक्रार आहे. बाईंनी सांगितलं, तक्रार नाही, एक पाय बघायचा आहे.

साठ-बासष्ट गाढवं होती. एकानंही मान वळवली नाही. फोटोतलं गाढव राखणदारणीनं लांबूनच दाखवलं आणि ते चावतं, जपून जा, असं सांगितलं. त्याला आश्रमातली सगळी माणसं वकील म्हणत, कारण खरारा करायला, औषध पाजायला, पावसात छपराखाली न्यायला, प्रत्येक गोष्टीला त्याची हरकत असे. डोळ्याचं काय, तर फोटो काढायच्या दिवशी त्यात गवताचं कुसळ गेलं होतं. ते निघालं, आणि दुसऱ्या दिवशी डोळा चांगला झाला. आणि पाय उजवा होता. मागचा. कधीकाळी मोडून वेडावाकडा जुळलेला. एरवी तो लंगडत चाले, पण चाऱ्याची गाडी दिसली की सगळ्यांच्या आधी पोचे. हे ऐकेपर्यंत जवळ येऊन पोचलेल्या वकिलानं यजमानांच्या मफलरचं एक टोक खाऊन टाकलं.

बाईंनी वही काढली. किती चारा लागतो, किती वर्षं जगतात, कुठून येतात, कोण आणून सोडतं, सगळं लिहून घेतलं. मग राखणदारणीनं त्यांना कोपऱ्यातली एक करडी गाढवीण दाखवली. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिच्यापुढे दुसरी एक बुटकी गाढवीण चाले, आणि ही आपलं नाक तिच्या पाठीला टेकवून मागोमाग जाई, पाण्यापर्यंत आणि परत. बुटकीला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती थांबली की ही थांबे. बाई कुंपणापाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की परतीची एक बस गेली. यजमानांनी घड्याळ दाखवलं नाही. उरलेलं मफलर गळ्याला गुंडाळून तेही बघत राहिले.

सोमवारी बाई आपली ठरलेली गल्ली सोडून आधी सायकलवाल्या म्हाताऱ्याकडे गेल्या. तो या वेळी घरातच होता.

"मंगळवारी मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं," बाई म्हणाल्या. "ते दुरुस्त करायला आले आहे."

"कशाचं उत्तर?"

"पायाचं. तुम्ही विचारलं होतं, कोणता पाय."

"कुणाचा पाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

त्याच्या काही म्हणजे काही लक्षात नव्हतं. बाईंनी फोटो दाखवला, तरी नाही. पण उत्तर दुरुस्त केल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. उजवा आणि मागचा, हे सांगितलं. मग डोळ्याचं कुसळ, मफलर, चाऱ्याची गाडी, आंधळीचं नाक, हेही ओघानं आलं. या वेळी त्यांची भाषा पुस्तकी राहिली नाही. व्याकरण दोन-चार ठिकाणी मोडलं आणि बाईंना ते कळलंसुद्धा नाही. मधेच आतून म्हाताऱ्याची बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि चौकटीला टेकून ऐकू लागली. ऐकून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, या दारात वर्षाला चाळीस माणसं येऊन काहीबाही सांगून जातात. आपलं चुकलं हे सांगायला परत आलेली ही पहिलीच. तिनं हात पुसले, टॅबलेट मागितला आणि स्वतःचं नाव लिहिलं. बाईंची ती पहिली नोंद. तिनं शेजारणीलाही हाक मारली. वकील चावतो हे शेजारणीला अगदी पहिल्यापासून ऐकायचं होतं.

त्या दिवसापासून बाईंनी पाठ केलेलं सोडलं. दार उघडलं की त्या सरळ फोटो दाखवून म्हणत, "हा वकील. डोळ्यावर जाऊ नका, त्यात कुसळ गेलं होतं. स्वभावानं वाईट आहे, चावतो, उपकार लक्षात ठेवत नाही, आणि तुमचे आभार तो कधीही मानणार नाही. पण म्हातारा आहे आणि थंडी आहे." लोक आधी बुचकळ्यात पडत, मग हसत, आणि मग बऱ्याचदा नाव लिहीत. एका बाईनं सांगितलं, माझे सासरे अगदी असेच आहेत, आणि तिनं दोन नावांनी नोंद केली.

एक दिवस कॅप्टन काम तपासायला त्यांच्याबरोबर आली. नेमकं त्याच दिवशी एका तरुणानं दार उघडलं. मागे भिंतीला लागून खोकी रचलेली, खोलीत खुर्चीही नाही. त्यानं गाढवाची कथा ऐकली आणि लगेच टॅबलेटसाठी हात पुढे केला. बाईंनी विचारलं, घर बदलताय का? तो म्हणाला, नोकरी गेली, भाडं परवडत नाही, मित्राकडे जातो आहे. बाईंनी टॅबलेट मिटला. आधी नोकरी शोधा, गाढव कुठे पळून जात नाही, असं त्या म्हणाल्या, आणि पोळीच्या डब्यातल्या दोन पोळ्या, तो नको नको म्हणत असताना, त्याच्या हातावर ठेवून फाटकाबाहेर पडल्या.

रस्त्यावर कॅप्टन भडकली. हातात आलेलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का? आणि माल चावतो असं सांगून कुणी विकतं का?

"माल नाही, गाढव आहे," बाई म्हणाल्या. "आणि तो पोरगा पहिल्याच महिन्यात नोंद रद्द करणार होता. मग माझ्या नावापुढे काट मारायची तुम्हीच."

हे मात्र कॅप्टनला टोचलं, कारण तिच्याकडची खरी डोकेदुखी तीच होती. मान हलवून हलवून घेतलेल्या नोंदी लोक महिन्याभरात रद्द करत. बाईंच्या नोंदी कमी असत, पण टिकत. कॅप्टननं आठवडाभर तोंड फुगवलं आणि पुढच्या रविवारी ती टाचांचे बूट घालून आश्रमाच्या फाटकाशी हजर झाली. एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच. आंधळीला बघून तिनं नाक शिंकरलं आणि थंडीला दोष दिला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कॅप्टननं पोपटी जाकिटातल्या सगळ्यांचा एक फोटो संस्थेच्या पानावर टाकला. मधोमध बाई, छातीशी वकिलाचा फोटो. तो फोटो फिरत फिरत कसा कुणास ठाऊक, पण यजमानांच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला. चुलत दिरानं खाली लिहिलं, "वहिनी गाढवांच्या सेवेत!" आणि पुढे हात जोडलेले. यजमान ऑफिसात होते. त्यांनी तो बघितला आणि फोन उलटा ठेवला.

बाई कामावर निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. जाकिटाची एक बाही अंगात, एक बाहेर, अशा त्या खुर्चीवर बसल्या. पशुकल्याण विभाग सोसायटीभर सांगून झाला होता. बाईंनी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला घेतली.

"गाढवांचंच आहे का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"खूर कोण कापतं त्यांचे?"

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"खूर गं. वाढतात ते. ओल्या जमिनीवर ठेवली तर सडतात. दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात. तिथल्या लोकांना माहीत आहे ना?" मग दार लोटल्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा सूर खाली गेला. त्यांच्या वडिलांची चार गाढवं होती. वाळू आणि विटा वाहायची. लहानपणी शाळेतून आल्यावर त्यांना पाण्यावर न्यायचं काम सासूबाईंचं. सोयरीक जुळवताना मामांनी सांगितलं, वडिलांचा बांधकाम साहित्याचा धंदा आहे, आणि ते वाक्य घेऊन त्या या घरात आल्या. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी इथं गाढव हा शब्द शिवी म्हणूनसुद्धा तोंडातून काढला नव्हता. मग बाईंनीही त्यांना चावऱ्या वकिलाची आणि राखणदारणीची सगळी हकिकत सांगितली. "आणि त्या चावऱ्याला सांग," त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या राखणदारणीला सांग, त्याला समोरून हात लावू नका. बाजूनं जा, मानेच्या मुळाशी खाजवा. मग बघा."

बाईंनी तो निरोप पोचवला. राखणदारणीनं सांगितलं की हरकत अजून आहे, पण आता चावणं नाही, हरकत नुसती तोंडी आहे.

पुढचे पाच आठवडे सासूबाईंचा रोज फोन येई. यजमान बाजूला बसून ऐकत आणि आपल्याच आईकडे, म्हणजे फोनकडे, नवलानं बघत. हंगाम संपत आला तेव्हा प्रमाणपत्रंही तपासून आली. कॅप्टननं बाईंना पुढेही राहायचा फार आग्रह केला, नव्या माणसांना शिकवायचं काम देते म्हणाली. पण घरापासून तीन थांब्यांवर एका शाळेत गणिताची जागा होती, आणि बाईंचा जीव खडूत अडकलेला. त्यांनी जाकीट धुऊन, इस्त्री करून परत केलं. कॅप्टन म्हणाली, इतक्या वर्षांत इस्त्री केलेलं जाकीट परत आलं नव्हतं.

बाई शाळेत रुजू झाल्या त्या आठवड्यात सासूबाईंनी एकदाचं मन घट्ट केलं आणि सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. मग मधल्या सुट्टीत बाईंना फोन केला.

"काय म्हणाले बाबा?" बाईंनी धीर करून विचारलं.

"म्हणाले, माहीत आहे. लग्नाआधीच कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली होती म्हणे. मी आपणहून सांगेन म्हणून थांबले होते. त्रेचाळीस वर्षं, बाई! आणि मी इकडे रस्त्यात गाढव दिसलं की पदर तोंडावर घेऊन गल्ली बदलत होते." सासूबाईंनी दम घेतला. "मी कालपासून त्यांच्याशी बोलत नाही. तूही बोलू नकोस."

बाईंनी तसं कबूल केलं. पण त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. आवाज एकदम हळू. त्यांनी विचारलं, गाढवाविषयी काही चांगली, सहसा कुणाला ठाऊक नसलेली माहिती असेल तर सांगतेस का? घरात बोलायला काहीतरी विषय हवा आहे. बाईंनी दिलेला शब्द मोडला, वही काढली आणि त्यांना सावकाश, एकेक मुद्दा लिहून घ्यायला लावला.